ट्रान्सपॉन्डर अन् जायरो बंगळूरला पाठवायचाय, पॅकिंग कसं करू?

बुटीबोरीवाला: सेसना विमानाचा ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारा रेडिओ) अन् आर्टिफिशियल होरायझनचा (विमान किती झुकलं ते दाखवणारं यंत्र) जायरो दुरुस्तीला पाठवून राहिलो. ओरिजनल खोके गायब. स्टोअरमधे गुलाबी अँटिस्टॅटिक बॅगा आहेत, बबल रॅप आहे, पोरगा म्हणून राहिला इतवारीतून थर्माकॉल आणतो. दोन्ही एकाच पेटीत टाकले तर चालते का? कुरिअरचे पैसे वाचतील.

मिहान_नाइटशिफ्ट: एकाच पेटीत तर बिलकुल नको भाऊ. गुलाबी बॅग स्वतः स्टॅटिक चार्ज बनू देत नाही एवढंच, बाहेरून स्पार्क आला तर तो थेट आत. ट्रान्सपॉन्डरला चंदेरी-करडी शिल्डिंग बॅग पाहिजे, तोंड दुमडून टेप लाव, स्टेपलर मारला की भोकं पडली अन् बॅग कचरा. मागच्या कनेक्टरला कंडक्टिव्ह कॅप (वीज वाहणारं झाकण). थर्माकॉल अन् साधा बबल रॅप बॅगेच्या आत नकोच, दोन्ही जाम चार्ज धरतात. आपल्याला चटका जाणवतो तो ३००० व्होल्टच्या आसपास, काही चिप १०० च्या आतच जातात. त्यात एखादी अर्धमेली राहिली तर बेंचवर पास होते अन् मग हवेत दगा देते, ते जास्त वाईट. मे महिन्यात आपली हवा किती कोरडी राहाते माहीतच आहे, रिस्ट स्ट्रॅप (अंगातला चार्ज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा) घातल्याशिवाय हात लावू नको.

सावजी_स्पेशल: काय बे एवढं, आम्ही तर जायरो टॉवेलमधे गुंडाळून मांडीवर घेऊन गेलो होतो ट्रेननं, काही झालं नाही

मिहान_नाइटशिफ्ट: @सावजी मांडीवर होता म्हणूनच वाचला ना, कुरिअरवाला मांडीवर घेत नाही 😄

जुना_इन्स्ट्रुमेंटवाला: जायरोचं दुखणं वेगळं. बेअरिंग इतकी नाजूक की टेबलावर ठक्कन ठेवला तरी डाग पडतो. इंजिन बंद केल्यावर रोटर, म्हणजे आतलं फिरतं चाक, पुरता थांबू द्या, फिरता जायरो काढू नका. मग पेटीत पेटी, चहूबाजूंनी निदान ५ सेंमी फोम. गादीचा मऊ फोम नको, वजनानं दबून तळाला टेकते, मग तो असून नसल्यासारखाच. पेटी बंद करून हलवून पाहा, आत काही सरकलं तर पुन्हा उघडा. नेहमी पाठवणं होत असेल तर एटीए ३०० स्पेकची (विमानाचे पार्ट पाठवायच्या पेट्यांचं स्टँडर्ड) पेटी घ्या, कॅटेगरी १ ची निदान १०० फेऱ्यांसाठी बनवलेली राहाते.

बुटीबोरीवाला: मस्त, दोन पेट्या करतो. टॅग अन् कागद कुठं ठेवू?

मिहान_नाइटशिफ्ट: अनसर्व्हिसेबल टॅगवर (पार्ट वापरण्यालायक नाही सांगणारी चिठ्ठी) सिरीयल नंबर टाक अन् बॅगेच्या बाहेरून लाव, कागद बॅगेत नको. डेटा प्लेटचा (पार्टवरची नंबरची पट्टी) फोटो काढून ठेव. अन् सोबत ईएलटी (अपघात झाला की सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर) पाठवणार असशील तर आधी सांग, त्यात लिथियम बॅटरी असली तर डेंजरस गुड्सचे नियम लागतात.