दादाच्या पन्नाशीसाठी जुन्या गेमच्या मोहिमेत साडेसोळा हजार घालू का?

मंगळवारपेठ_प्लेअर२

सगळ्यांना नमस्कार. प्रश्न पैशाचा आहे, पण आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर माझा जीव यात एवढा का अडकलाय ते कळणार नाही.

१९९४ च्या सुमारास राजारामपुरीत, आमच्या आत्याच्या घरामागच्या बोळात व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. चार मशिनं, वर एक पंखा, रुपयाला एक डाव. तिथं आम्ही ‘मुस्तफा’ खेळायचो. कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे त्याचं खरं नाव, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. दादा तेव्हा लक्ष्मीपुरीत एका होलसेल दुकानात हिशेब लिहायला जायचा. शनिवारी चार नाणी माझ्या हातावर ठेवायचा आणि शेजारच्या दांड्यावर स्वतः उभा राहायचा. मी मेलो की त्याच्या खिशातलं नाणं घालून मला परत उठवायचा. पुढं घरी टीव्ही गेम आला, त्याच्या कॅसेटवरचा एक गेम आम्ही दोघांनी मिळून अख्ख्या मे महिन्यात संपवला.

आता त्याच गेमचा नवा भाग काढायला मूळ टीममधल्या काही जणांनी लोकांकडून पैसे गोळा करायची मोहीम उघडली आहे. नाव देत नाही, जाहिरात वाटायला नको. नुसता गेम हवा असेल तर ३० डॉलर. १४९ डॉलरला गेमसोबत हातात धरायचं एक छोटं मशीन, जुन्या धर्तीचं, खोक्यासकट. शिपिंग, बँकेचे चार्जेस वगैरे धरून साडेसोळा हजारांच्या घरात जातंय. भिशी याच महिन्यात लागली आहे, म्हणजे पैसे आहेत. दादा येत्या मार्चमध्ये पन्नास पूर्ण करतोय आणि मोहिमेच्या पानावर ‘फेब्रुवारीत मिळेल’ असं लिहिलंय. मोहीम संपायला बारा दिवस उरलेत. घालू का?

टेस्टर_ताई

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, माहेर शाहूपुरी. तुमची आठवण वाचून डोळ्यात पाणी आलं, म्हणून स्पष्टच लिहिते. त्या फेब्रुवारीवर विसंबू नका.

ती तारीख काम सुरू होण्याआधी लिहिलेली असते. किती पैसे जमणार, किती माणसं कामाला ठेवता येणार, गेम केवढा होणार, यातलं काहीच तेव्हा ठरलेलं नसतं. डबल फाइन या गेम कंपनीचं बघा. २०१२ मध्ये त्यांनी ४ लाख डॉलर मागितले, जमले ३३ लाखांच्या वर. त्याच वर्षी गेम द्यायचा बेत होता. पण पैसा वाढला तसा गेमही वाढवला, मग तो जमलेल्या पैशातही मावेना. ‘ब्रोकन एज’ या त्यांच्या गेमचा पहिला अर्धा भाग जानेवारी २०१४ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०१५ मध्ये.

१९९४ चा ‘सिस्टिम शॉक’ हा गेम नव्यानं करायचं काम नाइटडाइव्ह कंपनीनं २०१६ मध्ये काढलं. साडेतेरा लाख डॉलर, एकवीस हजारांवर माणसं. वाटेत गेमचं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, बदललं, मूळ गेमपासून फार दूर गेलो असं त्यांनाच वाटलं, २०१८ मध्ये काम काही काळ थांबवलं आणि पुन्हा मूळ आराखड्याकडे वळले. गेम आला ३० मे २०२३ ला. चांगला आला, पैसे भरलेल्यांना मिळालाही. पण सात वर्षांत तुमचे दादा सत्तावन्न झाले असते.

डाय_आणि_पॅटर्न

भावा, मी उद्यमनगरात डाय (साचे) आणि पॅटर्न (ओतकामाचे लाकडी नमुने) बनवतो, सव्वीस वर्षं झाली. ताईंनी गेमबद्दल सांगितलं ते बरोबरच आहे. मी त्या मशीनबद्दल सांगतो, कारण खरा धोका तिथं आहे आणि माझे पैसे तिथंच गेलेत.

२०१७ ला मी अशाच एका हातातल्या गेम मशीनला ९,४०० रुपये दिले. पोरगा तेव्हा चौथीत होता, त्याला माझ्या लहानपणीचे गेम दाखवायचे होते. पहिले सहा महिने दर पंधरवड्याला खबर यायची, मग महिन्याला, मग ‘कारखाना बदलतोय’, मग काहीच नाही. मशीन आलं नाही, पैसेही आले नाहीत. त्यांच्या पानावरचे फोटो मी नंतर परत बघितले. प्लास्टिकच्या बॉडीवर कुठं पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, नव्हती. आतल्या बाजूला नग साच्यातून ढकलून काढणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे नव्हते. साच्यातून निघालेल्या वस्तूवर या खुणा कुठंतरी असतातच. म्हणजे ती वस्तू तेव्हा नव्हतीच, संगणकावर काढलेलं चित्र होतं. मी रोज हेच काम करतो आणि तरी मला ते आधी दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

गेम लांबला तर पगाराचा खर्च वाढतो, पण गेम हळूहळू का होईना पुढं सरकतो. मशीनचं तसं नसतं. इंजेक्शन मोल्डिंगच्या डायचा मोठा खर्च पहिला नग निघायच्या आधीच करावा लागतो. मग ट्रायल. प्लास्टिक थंड होताना आकसतं, बटण भोकात अडकतं, जाड जागी खड्डा पडतो. एकदा स्टील हार्डन केलं की दुरुस्ती म्हणजे नवा इन्सर्ट (डायमध्ये बसवायचा तुकडा) आणि पुन्हा काही आठवडे. त्यात लिथियम बॅटरी असली की विमानानं पाठवायचे नियम वेगळे. हे सगळं एकशेएकोणपन्नास डॉलरमध्ये बसवायचं, आणि ते करणार कोण, तर गेम लिहिणारे. त्यांचा हात कोडवर चांगला असेल, स्टीलवर कधी पडलेला नसतो.

इंग्लंडमधलंच उदाहरण देतो. १९८२ च्या स्पेक्ट्रम संगणकाची आठवण म्हणून ‘वेगा प्लस’ नावाचं हातातलं मशीन काढायला २०१६ मध्ये पाच लाख पौंडांवर जमा झाले. तारखा पुढं पुढं गेल्या, २०१८ मध्ये थोडी मशिनं बाहेर पडली, २०१९ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. त्याच स्पेक्ट्रमचं दुसरं पुनरुज्जीवन म्हणजे ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’. मूळ स्पेक्ट्रमची बॉडी ज्यांनी काढली त्या रिक डिकिन्सन यांनीच याचीही काढली, आणि २०१८ मध्ये ते गेले. कीबोर्डनं त्या लोकांना फार रडवलं, दोन वर्षं उशीर झाला. पण काय बिघडलंय ते सांगत राहिले आणि २०२० मध्ये मशिनं लोकांच्या घरी पोचली. आतला सर्किट बोर्ड मात्र मोहिमेच्या आधीपासून चालू स्थितीत होता, हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि ‘कोलेको कॅमेलिऑन’ हे गेम मशीन. २०१६ मध्ये एका खेळण्यांच्या प्रदर्शनात त्याचा चालता नमुना ठेवला, तर त्याच्या आत निन्टेंडोचंच जुनं मशीन दडवलंय असं लोकांनी फोटोवरून ओळखलं. मग पारदर्शक बॉडीतला बोर्ड दाखवला, तो निघाला संगणकात व्हिडिओ रेकॉर्ड करायला लावतात तो साधा कॅप्चर कार्ड. सुदैवानं मोहीम उघडायच्या आत बंद पडली. हे पकडलं ते जुन्या मशीनवर प्रेम करणाऱ्या साध्या माणसांनी, फोटो मोठे करून.

आमच्याकडे फाउंड्रीवाला पॅटर्नला इसार देतो, पण आठवड्यात दोनदा शॉपवर येऊन लाकडाला हात लावून बघतो. दूध संस्थेच्या सभासदाला शेअरचा दाखला असतो, वार्षिक सभेत उभं राहून चेअरमनला हिशेब विचारता येतो. या मोहिमेत तू गिऱ्हाईक नाहीस आणि भागीदारही नाहीस. अशा मोहिमा जिथं चालतात ती किकस्टार्टर वेबसाइट स्वतःच म्हणते की आम्ही दुकान नाही. काम अडलं तर पैसे कुठं गेले ते मोहीमवाल्यानं सांगायचं आणि उरले असतील तर परत द्यायचे, असं त्यांच्या अटींत आहे. उरले असतील तर.

म्हणून पैसे द्यायच्या आधी त्यांना विचार, डायची ऑर्डर दिलीय का? पहिल्या ट्रायलच्या नगाचा फोटो आहे का, आतल्या बाजूचा? उत्तर काय येतं ते इथं लिही, मी बघतो.

ड्रीमकास्ट_९९

एक राहिलं. मोहिमेत मागितलेली रक्कम हा गेमचा पूर्ण खर्च समजू नका. ‘शेनम्यू ३’ या गेमसाठी २०१५ मध्ये २० लाख डॉलर मागितले, ६३ लाख मिळाले, आणि तरी बाहेरचा पैसा घ्यावा लागला. डिसेंबर २०१७ ची तारीख नोव्हेंबर २०१९ झाली. मधेच पीसीवरचा गेम पहिलं वर्षभर फक्त एपिकच्या ऑनलाइन दुकानात मिळणार असं ठरलं, तेव्हा स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळेल या भरवशावर पैसे दिलेले लोक भडकले आणि परताव्याची सोय करावी लागली. बाहेरून पैसा देणाऱ्याचा शब्द जड होतो. उलट ‘ब्लडस्टेन्ड’ या गेमच्या वेळी तो करणाऱ्या इगाराशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लोकांचा पैसा हा थोडाच भाग आहे, बाकीचा दुसरीकडून येणार. तेही दोन वर्षं लांबलं, पण गेम मन लावून केलेला आहे, मी तीनदा संपवलाय. तर तुमच्या मोहिमेत बाकीचे पैसे कोण देणार, हेही विचारा.

कार्डाचं म्हणाल तर, ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात, ॲपमधून चालू करावे लागतात. किकस्टार्टरवर मोहीम यशस्वी होऊन संपेपर्यंत पैसे कापत नाहीत, तोवर रक्कम कमी करता येते, काढूनही घेता येते. आणि मशीन परदेशातून आलं की कस्टम ड्युटी वेगळी. कुरियरवाला आधी केवायसी मागतो.

मंगळवारपेठ_प्लेअर२

सगळ्यांचे मनापासून आभार. मी तुमचे सगळे प्रश्न त्यांना विचारले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सभ्य होतं. डायची ऑर्डर दिलेली नाही, ‘दोन पुरवठादारांकडून दर मागवलेत’. नगाचा फोटो नाही. गेमच्या बाकी खर्चासाठी एका प्रकाशकाशी बोलणी चालू आहेत. गेम मात्र खरंच चालतोय, वीस मिनिटांचा न तोडलेला व्हिडिओ त्यांनी टाकलाय, त्यात दुसऱ्या टप्प्यातला तो पूल तसाच आहे. दादा आणि मी तिथंच आठवडाभर अडकलो होतो.

मशीनचा पर्याय काढून टाकला. तीस डॉलर ठेवलेत. ते बुडाले तरी मला चालतील, त्या लोकांनी हा गेम पुन्हा करावा असं मला मनापासून वाटतं.

मार्चसाठी दुसरं सुचलंय. काल माळ्यावर चढलो, आमचा जुना टीव्ही गेम पितळी डब्यांच्या मागं सापडला. कॅसेट आहे, अडॅप्टर आहे. एका रिमोटची वायर मुळातून तुटलीय आणि कॅसेट लावली की पडदा नुसता करडा. लहानपणी फुंकर मारायचो तशी मारून बघितली, काही झालं नाही. कोल्हापुरात हे कुणी दुरुस्त करतं का?

डाय_आणि_पॅटर्न

आता फुंकू नकोस. तोंडातली वाफ त्या संपर्कपट्ट्यांवर बसते आणि त्या गंजतात. ते अडॅप्टरही परत लावू नकोस, आधी मी व्होल्टेज मोजतो. पट्ट्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून घेऊ, वायर तर अर्ध्या तासाचं काम. शनिवारी शॉपवर घेऊन ये, मी सहापर्यंत आहे. कॅसेटही आण.