एडमंटनची थंडी की फिनिक्सचं ऊन? जिथे राहिलात तिथलं सांगा

आमच्या मुलीसमोर दोन नोकऱ्या आहेत, एक कॅनडात एडमंटनला, दुसरी अमेरिकेत फिनिक्सला. काम सारखंच (ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे), पगारही थोडाफार इकडे-तिकडे. जावई म्हणतात तू ठरव, ती म्हणते आई तू सांग, आणि मी आर्वी तालुक्यातल्या गावात बसून काय सांगू. घरात दोन पक्ष पडलेत. हे म्हणतात आपली पोरगी नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) वावरात खेळलेली आहे, तिला ऊन काही नवं नाही, बर्फात कशाला पाठवता. सासूबाई मात्र उन्हाचं नाव निघालं की गप्प होतात. मामाजी (माझे सासरे) 1998 च्या मे महिन्यात बांधावरून आले, पाणी मागितलं, आणि संध्याकाळपर्यंत गेले, ऊन लागून. त्यामुळे आमच्या घरी "गरमीची सवय आहे" हे वाक्य सगळ्यांना पटत नाही.

नातू तीन वर्षांचा आहे. सरासरी तापमानाचे तक्ते मी पाहिले, त्यातून मला काहीच कळलं नाही. सकाळ कशी जाते, लेकरू कुठे खेळतं, म्हातारं माणूस आलं तर दिवसभर काय करतं, हे सांगा. दुबई, लेह, जैसलमेर, कुठलंही चालेल.

वरूड, सध्या फिनिक्स

ताई, मी संत्र्याच्या बागेतला माणूस, इथे 11 वर्षं झाली. आधी चांगलं सांगतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत आपल्या दिवाळीनंतर असते तशी हवा, सकाळी स्वेटर, दुपारी अर्ध्या बाह्या, पोरं अंधार पडेपर्यंत बाहेर. रस्त्याकडेला, घराघरांपुढे संत्र्यासारखी झाडं लावलेली आहेत, शोभेची, फळ आंबट-कडू, कोणी खात नाही. पण मार्चमध्ये त्यांना फुलं येतात. पहिल्या वर्षी गाडीची काच खाली केली आणि आंबिया बहाराचा (संत्र्याच्या फुलांचा) वास आला, मी गाडी बाजूला घेऊन बाबांना फोन केला. इथे शाळेत पोरांना शिकवतात की ॲरिझोना पाच गोष्टींवर उभं राहिलं, तांबं, गुरं, कापूस, संत्रा-लिंबू आणि हवामान. त्यातले दोन तर आपल्याच जिल्ह्यातले वाटतात.

आता उन्हाळा. 2023 मध्ये 30 जूनपासून 30 जुलैपर्यंत सलग 31 दिवस पारा 43 च्या वर होता. तुम्ही म्हणाल 43 तर आपल्याकडे एप्रिलातच होतं, मीही हेच म्हणायचो. पण आपल्याकडे 7 जूनला मृग लागतो, पंधरा दिवस इकडे-तिकडे झाले तरी ढग दिसतात, माणूस त्या आशेवर मे काढतो. इथे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे चार महिने सरळ. पावसाळा म्हणतात त्याला, येतो तो बहुतेक धुळीची भिंत घेऊन, आणि वर्षभराचा सगळा पाऊस मिळून 18 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे एखाद्या झडीत पडतो तेवढा. त्या जुलैत कितीतरी रात्री पारा 32 च्या खाली उतरलाच नाही. थंड पाण्याचा नळ सोडला तरी गरम पाणी येतं. घसरगुंडीला लेकराचा हात लावू देत नाही, डांबरावर अनवाणी पाय टेकला तर फोड येतो. लहान पोरांना घेऊन आम्ही पहाटे साडेपाचला बागेत जातो आणि सात वाजता परत, मग दिवसभर घर, नाहीतर पोहण्याचा तलाव.

आणि एसी. एका जुलैत रात्री 11 ला आमचं मशीन बंद पडलं, मेकॅनिक म्हणाला परवा येतो. मुलगी दीड वर्षाची होती. तासाभरात घर 34 वर गेलं, आम्ही तिला उचलून मोटेलमध्ये गेलो. तेव्हापासून एक छोटं खिडकीचं एसी खोक्यात तयार ठेवलेलं असतं. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, आमच्या या मारिकोपा काउंटीत (म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात) 2023 साली उष्णतेने 645 माणसं गेली. त्यात बेघर माणसं फार होती, पण घरात बंद पडलेल्या एसीपाशी एकटी राहणारी म्हातारी माणसंही होती. शेजारी एकटी आजी आहे, जुलैत रोज संध्याकाळी तिच्या दारावर टकटक करतो.

हिंगणघाट, फिनिक्सहून परत आलेली

वरच्या दादांनी धुळीचं एका ओळीत लिहिलं, मला ते जास्त सांगायचंय. आमच्या यांना तिसऱ्या वर्षी खोकला, ताप, वजन उतरलं, दोनदा न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक दिल्या, काही फरक नाही. सहा आठवड्यांनी तिसऱ्या डॉक्टरने रक्त तपासलं तेव्हा कळलं व्हॅली फीवर. तिथल्या मातीत एक बुरशी असते, वाऱ्याने, खोदकामाने उडते आणि श्वासातून छातीत जाते. एकाचं दुसऱ्याला होत नाही, बहुतेकांचं आपोआप बरं होतं, पण नाव माहीत नसलं की माणूस महिनाभर भलतीच औषधं खात बसतो. तुमची मुलगी लॅबमधली आहे तर तिला चटकन कळेल, तरी जावयांना सांगून ठेवा, खोकला लांबला तर ही तपासणी मागायची.

दारव्हा, सध्या एडमंटन

काकू, माझी आई तुमच्यासारखीच घाबरली होती म्हणून नीट लिहिते.

घरात थंडी वाजत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी दोन सुटकेसभर रजया आणल्या नसत्या. भट्टी (घर गरम ठेवणारं मशीन) चालू असते, घरात 21 डिग्री, लेकरू बनियनवर फिरतं. बाहेर जानेवारीत उणे 15, उणे 20 नेहमीचं, आणि वर्षातून काही दिवस उणे 30 च्या खाली जातं. (उणे 40 ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, हे मला शाळेतल्या गणितात खोटं वाटायचं.) गाडीच्या इंजिनात एक हीटर असतो, रात्री त्याची वायर घराच्या प्लगला लावायची, नाहीतर सकाळी गाडी उठत नाही. इथे पार्किंगमध्ये खांबाखांबावर प्लग दिसतात ते त्याचसाठी. दारापुढच्या फुटपाथवरचा बर्फ आपणच काढायचा, तो नियम आहे, कामावर जायच्या आधी अर्धा तास फावडं.

पोरांचं सांगते. शाळेत उणे 20 च्या आसपासपर्यंत मधल्या सुट्टीत बाहेरच खेळायला सोडतात. पहिल्या वर्षी मी रडले, आता माझा मुलगा बर्फात लोळून लाल गाल करून येतो. कपडे चढवायला 15 मिनिटं लागतात आणि सगळे चढवून झाल्यावर त्याला शू येते, हे रोजचं.

त्रास थंडीचा कमी, अंधाराचा जास्त झाला. डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. मी कामावर जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्या हिवाळ्यात मला उठावंसंच वाटेना, स्वयंपाक करताना उगाच डोळे भरायचे, नवऱ्याला वाटलं घरची आठवण येते. डॉक्टरने व्हिटॅमिन डी दिलं, एक प्रखर दिवा घ्यायला लावला आणि दुपारच्या सुट्टीत काहीही झालं तरी बाहेर चालायला सांगितलं. त्याने फरक पडला. मुलीला हे आधीच सांगा, ती स्वतःला दोष देणार नाही. याच्या बदल्यात जूनमध्ये 17 तास उजेड, रात्री दहाला आम्ही अंगणात सांबार (कोथिंबीर) अन् मेथी तोडत असतो. हल्ली मात्र काही उन्हाळ्यांत जंगलाच्या आगींचा धूर येतो, तेव्हा खिडक्या बंद.

आणि मशीनवर जीव टांगलेला असणं इथेही आहे. 2024 च्या 13 जानेवारीला संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर सरकारचा इशारा वाजला, वीज ताबडतोब कमी वापरा. भट्टी गॅसवर असली तरी तिचा पंखा विजेवर. आम्ही सगळे दिवे मालवून एका खोलीत बसलो. लाइट गेली नाही, पण ती संध्याकाळ विसरत नाही.

पुसदकडचा, दुबईहून परत

मी शिकेल नाई जास्त, बांधकामावर होतो सात वर्षं. माह्यं एकच सांगनं हाय, गरमी गरमीत फरक असते. आपल्याकडं 45 मधी बी दुपट्टा वला करून डोक्याले गुंडाळला का वारं लागते अन् थंड वाटते. कूलर बी त्याच्यानंच चालते, पानी वाळते म्हनून हवा थंड होते. दुबईले समुद्र बाजूले, हवेतच पानी, घाम निघते पन वाळतच नाई, बनियन पिळा लागे. थर्मामीटर 40 दाखवे अन् आंगाले 50 वाटे. आपला कूलर तथी लावला त खोलीत नुसती वाफ होईन. सरकारचा नियम हाय, 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, तो पाळत होते, पन अकरा वाजताचं ऊन काही कमी नसे. माह्या बाजूचा एक पोट्टा सळाखी बांधता बांधता बसला तो उठलाच नाई बराच वेळ, आमी त्याले सावलीत नेलं, कपडे वले केले, पानी मारलं, तवा वाचला. फिनिक्स कोरडं असन त विदर्भातल्या मानसाले समजन. अन् ताई, तुमची पोरगी एसीत काम करन. तिचं ऊन अन् माह्यं ऊन एक नाई.

चिखली, फौजेतून रिटायर

दोन्ही पोस्टिंग केल्यात, लेह आणि जैसलमेर. लोक म्हणतात थंडीत कपडे चढवता येतात, गरमीत कातडी काढता येत नाही. बोलायला सोपं आहे. लेहला साडेतीन हजार मीटरवर पहिले दिवस तर नुसतं पडून राहायचं असतं, शरीराला हवा विरळ असल्याची सवय होईपर्यंत. नळ गोठतात, बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागतं, बोटं सुजून खाजतात. रॉकेलची बुखारी (शेगडी) पेटवून खिडकी गच्च लावून झोपलं तर कोंडलेल्या विषारी वायूने सकाळी माणूस उठत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. घरात भट्टी असलेली थंडी आणि तंबूतली थंडी यांची तुलना करू नका.

जैसलमेरला मे-जूनमध्ये लू चालते तेव्हा डोळे उघडवत नाहीत, पण पहाटेला वाळू गार होते. तिथली जुनी घरं पिवळ्या दगडाची, जाड भिंती, बोळ अरुंद, दुपारी आत शिरलं की आमच्या आजीच्या पांढऱ्या मातीच्या घराची आठवण यायची. मला विचाराल तर वाळवंट. म्हातारपणी गुडघे दुखतात तेव्हा लेहच आठवतं.

गोंदिया, सध्या हेलसिंकी

थोडक्यात लिहिते. मला आयुष्यात सगळ्यात जास्त थंडी गोंदियात वाजलीय, 8 डिग्रीला, कारण कवेलूच्या (कौलारू) घरात बाहेर 8 तर आतही जवळपास 8. इथे उणे 15 ला खिडकीला तीन काचा आणि आत उबदार. अंधाराचं दारव्ह्याच्या ताईंनी लिहिलं ते शब्दन्शब्द खरं, इथे डिसेंबरात सहा तासही उजेड नसतो.

देवळी तालुका

नमस्कार. मी परदेशात राहत नाही, शेती आहे, मुलगा मिनिॲपोलिसला असतो. आर्वीच्या ताईंनी विचारलं म्हातारी माणसं काय करतात, तेवढंच सांगतो.

मुलगा म्हणायचा बाबा जून ते ऑगस्टमध्ये या, तेव्हा इथे छान असतं. आता जूनमध्ये पेरणी, जुलैत डवरणी-निंदण, ऑगस्टात फवारे, मग सोयाबीन, मग कापूस वेचणी जानेवारीपर्यंत, मग हरभरा. शेतकऱ्याने यायचं कधी? हरभरा निघाला की मार्चपासून मे पर्यंत आम्ही मोकळे. तर दोनदा गेलो ते मार्चमध्येच. तिथे तेव्हाही बर्फ. तळं एवढं गोठलेलं की आधीच्या महिन्यांत त्यावर गाड्या नेऊन लोक मासे धरतात म्हणे. मुलगा-सून कामावर, आम्ही दोघं खिडकीशी. सौ. एकदा दारात घसरली, तेव्हापासून तिने पाय बाहेर टाकला नाही. गावात इमारतींना जोडणारे काचेचे बंद पूल आहेत, त्यातून मैलभर फिरता येतं, पण तिथपर्यंत कोणीतरी गाडीने न्यायला पाहिजे. नातवासोबत बाहेर एक दिवसही खेळलो नाही. तिसऱ्यांदा तिकीट काढलं नाही.

वरूडच्या भाऊंनी लिहिलंय की फिनिक्सला ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बाहेर बसता येतं. ताई, तुमच्याकडे कपाशी आहे की ऊस आहे मला माहीत नाही, पण तुम्ही मोकळे कधी असता ते आधी पाहा.

आर्वी तालुका (मीच)

सगळ्यांचं वाचून काढलं, यांना आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. देवळीच्या भाऊंचं ऐकून हे उठले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. आमची कपाशी, तूर आणि थोडा हरभरा. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून आम्ही मोकळे, म्हणजे संत्र्याला फुलं येतात तेव्हा तिथे पोचता येईल. इतके दिवस आम्ही फक्त मुलीला कुठे सोसेल याचाच विचार करत होतो, आपण तिच्याकडे कधी जाऊ शकतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

रात्री मुलीशी बोलले. ती फिनिक्सकडे झुकली आहे, पण दारव्ह्याच्या ताईंचं सांगितल्यावर म्हणाली, आई, मुलगा बर्फात लोळतो ते मला फार आवडलं. जावई व्हॅली फीवरचं लिहून घेत होते. अजून आठ दिवस आहेत त्यांच्याकडे.

सासूबाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, रात्री मशीन बंद पडलं तर लेकराला घेऊन जायचं कुठे. वरूडचे भाऊ, ते खोक्यातलं छोटं एसी केवढ्या खोलीला पुरतं, एकट्या बाईला उचलून खिडकीत बसवता येतं का, आणि साधारण कितीला पडतं ते लिहा. त्यांना वाचून दाखवायचंय.