'सांध्याचं अस्तर' चालेल का?

ऐरोलीकर: एका संधिवाततज्ज्ञांसाठी रुग्णपत्रक मराठीत करतोय. विषय सायनोव्हियल बायॉप्सी. जागा बधीर करून, सोनोग्राफीवर बघत, सुईने सांध्याच्या आतून बारीक तुकडे काढतात. 'सायनोव्हियम'ला मी 'सांध्याचं अस्तर' लिहिलं. मुद्रितशोधकाने लाल रेघ मारली : अस्तर ब्लाउजला असतं, सांध्याला 'श्लेष्मधरा कला'. वाचणार रबाळ्याच्या एमआयडीसीतले कामगार. काय करू?

घंटाळीकाका: मुद्रितशोधक बरोबर आहे. सुश्रुताने सात कला, म्हणजे शरीरातले पातळ पडदे, सांगितल्यात, चौथी श्लेष्मधरा, ती सगळ्या सांध्यांत असते. आसाला वंगण दिलं की चाक नीट फिरतं तसे सांधे चालतात, हा दाखलाही त्याचाच. असा शब्द घरात असताना फारसी अस्तर कशाला?

कळवा_फास्ट: काका, 'कला' वाचून लोकांना वाटेल गुडघ्यात नाटकाचा प्रयोग आहे. अस्तर खुपतं आणि बायॉप्सी चालते?

घंटाळीकाका: तीही नाही चालत. ऊतीपरीक्षा म्हणा.

स्लाइडवाली: म्हणा खुशाल, लॅबच्या खिडकीवर कुणाला कळणार नाही. आम्ही 'पीस आला' म्हणतो. बायॉप्सी शब्दाचा खरा त्रास हा, की ऐकल्याबरोबर नातेवाईक कॅन्सरच धरून चालतात. सांध्यात बरेचदा शंका टीबीची असते. माझ्या मावशीचं एकच मनगट सुजलेलं, वर्षभर संधिवात म्हणून गोळ्या चालू. शेवटी तुकडा काढला, त्यात ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात तशा पेशींच्या गाठी) निघाले, टीबीच होता.

आणि पत्रकात बाटल्यांचं जरूर लिहा, नमुना पुष्कळदा घरचेच घेऊन येतात. स्लाइडसाठी फॉर्मॅलिन. टीबीच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला, साधं सलाइन, फॉर्मॅलिनने जंतू मरतात. गाउटची, म्हणजे सांध्यात युरेटचे स्फटिक साठल्याची, शंका असेल तर अल्कोहोल, कारण फॉर्मॅलिनच्या पाण्यात ते स्फटिक विरघळून जातात. सगळे तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या डब्यात टाकून आणले की कल्चर गेलंच.

ऐरोलीकर: हे घेतो. पण अस्तराचं काय?

खारघरची_सुमी: 'पापुद्रा' लिहा की! निरोगी सांध्यात त्याचा आतला थर जेमतेम एक ते तीन पेशींचा असतो.

स्लाइडवाली: आणि आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) सुजून जाडजूड होतो. तेव्हा पापुद्रा कसं म्हणायचं?

घंटाळीकाका: पापुद्रा भाकरीला, अस्तर ब्लाउजला. माणसाच्या शरीराला स्वतःचं काही राहू द्याल की नाही?

कळवा_फास्ट: शब्द राहू दे, तुकडा कशाला काढायचा ते आधी लिहा. औषध निवडायला उपयोग होतो का, हे 2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलंय. आमवाताचे 164 रुग्ण. रिटुक्सिमॅब हे औषध रोगप्रतिकाराच्या बी पेशींना मारतं, मग तुकड्यात त्या पेशी फारशा नसतीलच तर टोसिलिझुमॅब हे दुसरं औषध जास्त लागू पडेल का, असा प्रश्न होता. बी पेशी कमी आहेत हे नुसत्या सूक्ष्मदर्शकाने ठरवून निवडलेल्यांत ठोस फरक दिसला नाही, तुकड्यातला आरएनए (कोणती जनुकं चालू आहेत ते) तपासून निवडलेल्यांत दिसला. तेव्हा 'तुकडा बघून औषध ठरवतात' असं ठोकून देऊ नका.

खारघरची_सुमी: आमवातातला आम म्हणजे आंबा ना? आजी सांधे धरले की आंबा बंद करायची.

घंटाळीकाका: अहो, आम म्हणजे कच्चं, न पचलेलं! आंब्याचा काय संबंध!

खारघरची_सुमी: पण आंबा बंद केला की तिला बरं वाटायचं, ते खरं. 'सांधा' तरी बदलू नका हं. आमचे आजोबा रेल्वेत सांधेवाले होते.

कळवा_फास्ट: वा! ठाण्याहून वाशीची गाडी सुटली की खडखडते ती सांधे बदलतानाच.

स्लाइडवाली: आमच्या सोसायटीत माणसंही बदलतात. दोन्ही गुडघे, एकाच दिवशी.

घंटाळीकाका: ते '-वाला' हिंदीतून आलंय. मराठीत असं लावत नाहीत.

खारघरची_सुमी: मग सकाळी तुमच्याकडे कोण येतो काका, दुग्धवितरक?

घंटाळीकाका: मी स्वतः जाऊन पिशवी आणतो.