मायलेज घटतं, पण प्रश्न तेवढाच नाही

पेट्रोलमध्ये इथेनॉल (ऊस, मका यांपासून बनणारं अल्कोहोल) मिसळण्याविरुद्ध एक मुद्दा मांडला जातो: "इथेनॉलने मायलेज घटतं, म्हणून ते टाकाऊ". तो मला अर्धाच पटतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात ६-७ टक्के ऊर्जा कमी मिळणारच. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता, १०० च्या वर आहे आणि वाफ होताना ते बरीच उष्णता शोषतं. म्हणून नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) न होता कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण, वाढवता येतो आणि घटीतला काही भाग भरून निघतो. मात्र इंजिन त्यासाठीच घडवलेलं हवं. ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स-फ्युएल गाड्या विकल्या जातात, त्या कुठल्याही मिश्रणावर चालतात.

मला खरी काळजी वाटते ती जुन्या गाड्यांची. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. गाडी बराच काळ उभी राहिली आणि टाकीत पुरेसं पाणी जमलं, तर पाणी-इथेनॉलचा वेगळा थर तळाशी बसतो, आणि इंधनपंप नेमका तिथूनच ओढतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील फुगतात, चिरतात ते वेगळंच. अशा गाड्यांसाठी कमी मिश्रणाचं पेट्रोल मिळत राहिलंच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

इथेनॉलमुळे कार्बन उत्सर्जन किती घटतं, हा हिशेब तर कच्च्या मालावर ठरतो. ऊस वापरला तर कारखान्याचा बॉयलर उसाच्याच चिपाडावर चालतो. मक्याला मात्र ऊर्ध्वपातनासाठी (उकळून इथेनॉल वेगळं काढण्यासाठी) बहुतेकदा बाहेरचं इंधन लागतं. जंगल तोडून शेत केलं असेल, तर फायदा कितीतरी वर्षं दिसतच नाही.