मदत हवी आहे : ताईच्या सासरची मंडळी शनिवार-रविवार येणार आहेत, कुठे फिरवू?

घाईतला_भाऊ
नमस्कार मंडळी. ताईच्या सासरचे पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला येतायत, सोलापूरला. दोन दिवस. कुठे कुठे न्यावं आणि काय खायला घालावं, पटकन सांगा. आईनं सगळं माझ्यावर टाकलंय. प्लीज लवकर, दिवस कमी आहेत.

कडकभाकरी
हुरडा पार्टी! शेतावर न्या, आगटी पेटवा, हुरडा, शेंगा चटणी, दही. दुसरं काही बघायला नको.

सातरस्ता
अहो, आधी महिना तर विचारा. हुरडा डिसेंबर-जानेवारीचा, ज्वारी दुधात असते तेव्हाचा. आता शेतात ढेकळं आहेत.
@भाऊ, तारीख काय? माणसं किती? कुठून येणार? खाण्याचं पथ्य?

घाईतला_भाऊ
धोंड्याला, म्हणजे अधिक महिन्यातल्या जावयाच्या मानाला येतायत, आता तारीख वेगळी काय सांगायची. ३० आणि ३१ मे. ते पाच, आम्ही चार. नाशिकहून.

प्लॅटफॉर्म_एक
वंदे भारतनं बोलवा. मुंबईहून दुपारी चारच्या सुमारास सुटते, रात्री पावणेअकराच्या आत सोलापुरात. बुधवारी मुंबईहून नसते, तेवढं ध्यानात ठेवा. खिडकी हवी असेल तर बुकिंग करतानाच सीट बघून घ्या.

घाईतला_भाऊ
नाशिकहून कारनं येतायत ओ. शनिवारी दुपारी पोचतील, सोमवारी सकाळी निघतील.

चावीवाला
फिरणं राहू द्या मालक. तुमच्याकडे पाणी कधी येतं?

घाईतला_भाऊ
चार दिवसांआड. बुधवारी २७ ला आहे. का?

चावीवाला
का म्हणजे? पुढचं पाणी थेट सोमवारी, तेव्हा पाहुणे गाडीत बसत असतील. हिशोब करा. मे महिन्यात माणूस दोनदा अंघोळ करतो, दोन बादल्या म्हणजे ४० लिटर. संडासाला २५ ते ३०. भांडी, हातपाय, फरशी धरून माणशी ८५ पकडा. नऊ माणसं म्हणजे दिवसाला साडेसातशेच्या वर. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, १६०० लिटर. शिवाय बुधवार ते शनिवार तुम्ही चौघं वापरणार ते वेगळंच. टाकी किती लिटरची?

घाईतला_भाऊ
वर १००० ची. खाली हौद आहे, किती लिटरचा ते माहीत नाही, आजोबांनी बांधलेला.

चावीवाला
टेपनं आतून मोजा. लांबी, रुंदी, पाण्याची उंची, तिन्ही फुटांत. गुणाकाराला २८ नं गुणलं की लिटर. ४ बाय ४ बाय ३ असेल तर ४८ घनफूट, म्हणजे साधारण १३५०. पण तळचं अर्धा फूट धरू नका. गाळ असतो, मोटर त्याच्या वरच हवा ओढायला लागते. म्हणजे ११२० च्या आसपास वापरता येईल. वरची टाकी धरून २१००. त्यातून तुमचे तीन दिवसांचे हजारेक गेले की शनिवारी दुपारी हातात ११००. लागणार १६००. रविवारी संध्याकाळी नळ ठणठणीत.

सातरस्ता
आणि कूलर? एक कूलर रात्रभरात चाळीस-पन्नास लिटर सहज पितो. दोन लावले तर शंभर, दुपारचं वेगळं.

टिळकचौक_टेरेस
एसी भाड्यानं घ्या, कटकट नाही.

सातरस्ता
दोन रात्रींसाठी भिंतीला भोक पाडणार का? आपल्याकडची हवा कोरडी, कूलर मस्त चालतो. फक्त समोरची खिडकी वीतभर उघडी पाहिजे. लोक दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवतात, मग अंग चिकट होतं आणि कूलरला शिव्या. वळीव पडून ढग दाटले तर मात्र पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. ताट्या आजच भिजवून दोन दिवस चालवून घ्या, पहिल्या दिवशीचा कुबट वास पाहुण्यांच्या नाकात जाऊ नये.

घाईतला_भाऊ
बरं, पाण्याचं बघतो. पण मी फिरण्याचं विचारलं होतं. तुळजापूर-पंढरपूर एका दिवसात होईल ना?

उत्तरकसबा
३१ मे ला पौर्णिमा आहे. रविवार, पौर्णिमा आणि वरून अधिक महिना. तुळजापूर ४५ किलोमीटर, पण रांगेत किती तास जातील ते देवीलाच ठाऊक. पंढरपूर ७० च्या पुढे, आणि अधिक मास पुरुषोत्तमाचा म्हणून तिथे महिनाभर रीघ. दोन्ही एका दिवसात, या उन्हात, म्हाताऱ्या माणसांना घेऊन? ताईला सासरी परत जायचंय ना?
अक्कलकोट करा. चाळीसेक किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघा, दर्शन घेऊन दहाच्या आत घरी. गर्दी असेल, पण पहाटे आटोक्यात. शनिवारी ऊन उतरल्यावर, सहानंतर, सिद्धेश्वर. तलावावरून वारा येतो, बसायला जागा आहे. बारा ते पाच कुणाला उंबऱ्याबाहेर काढू नका.

कडकभाकरी
नळदुर्ग राहिलं! नर-मादी धबधबा!

उत्तरकसबा
बोरी नदीला पाणी आल्यावर. मे महिन्यात नुसता दगड तापलेला असतो. तुम्ही प्रत्येक गोष्ट उलट्या महिन्यात सांगायचं व्रत घेतलंय का?

वहिनी_होटगीरोड
एक विचारू का? पाहुण्यांत वयस्कर किती आणि तुमच्याकडे कमोड आहे का?

घाईतला_भाऊ
सासू, सासरे, आजेसासू, दाजी, ताई. आजेसासू ठणठणीत आहेत. सासऱ्यांचं फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वाटी बदलली. संडास भारतीय आहे, एकच, मागच्या अंगणात. जुनं घर आहे ना.

वहिनी_होटगीरोड
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं भावा.
वाटी बदललेल्या माणसाला उकिडवं बसायला सांगूच नये. सर्जिकलच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते, पायांची, भारतीय भांड्यावर ठेवायची. भाड्यानंही देतात, दवाखान्यांच्या आसपास विचारा. नेण्याआधी दोन मापं घ्या. भांड्याच्या दोन्ही बाजूंची फरशी किती रुंद आहे, कारण चारही पाय सपाट फरशीवर टेकले पाहिजेत, पायठशावर नाही. आणि दाराची रुंदी, नाहीतर खुर्ची दारातच अडकते. पायांना रबरी बूच आहेत का बघा, एकही गळालेलं असेल तर ओल्या फरशीवर खुर्ची सरकते. हात असलेलीच घ्या, उठताना त्यांना जोर द्यायला काहीतरी लागतं. शुक्रवारी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं बसून बघावं. लाजू नका.
अंगणातून जायचं म्हणजे रात्री दिवा चालू ठेवा, वाटेत पायरी असेल तर तिच्या कडेला पांढरा पट्टा ओढा. झोपायला खाट हवी, गादी खाली नको. खाट गुडघ्याच्या उंचीची. बुटकी असेल तर खाली विटा लावा, पण हलत नाही ना बघा.

टिळकचौक_टेरेस
त्यापेक्षा त्यांना सरळ लॉजवर उतरवा. एसी, कमोड, पाणी, सगळे प्रश्न एका झटक्यात.

वहिनी_होटगीरोड
पहिल्यांदा घरी येणाऱ्या व्याह्यांना लॉजवर? बोळातून बातमी त्यांच्या आधी नाशिकला पोचेल.

टिळकचौक_टेरेस
सांगायचं काम केलं.

घाईतला_भाऊ
लॉज नको, आई ऐकणार नाही. खुर्ची आणतो. जेवण सांगा आता. आई म्हणते पंगत पाटावरच.

पुरणयंत्र
सासऱ्यांना पाट अजिबात नाही. औक्षणालासुद्धा खुर्ची द्या. एकट्याला खुर्ची दिली तर त्यांना अवघडल्यासारखं होतं, म्हणून सगळ्याच पुरुषमंडळींना टेबल-खुर्ची मांडा. दाजींपुरता पाट मांडून वाण द्या, की आईचंही मन राहील.
धोंडे रविवारी दुपारी करा. अर्धा किलो हरभरा डाळ तासभर भिजवा, चार शिट्ट्या, कट गाळून आमटीला ठेवा. डाळीत अर्धा किलो गूळ घालून कलथा उभा राहीपर्यंत आटवा, मग गरम असतानाच यंत्रातून काढा. लिंबाएवढे उंडे केले की बरोबर ३३ च्या आसपास निघतात. कणीक पोळीपेक्षा घट्ट, चमचाभर तेलाचं मोहन. चाळणीला तूप लावून १५ मिनिटं वाफवा. वाफेत फुटले तर दोष कणकेला देऊ नका, पुरण सैल राहिलेलं असतं. पुरण शनिवारी रात्री केलंत तर निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये. या उकाड्यात ओट्यावर राहिलं तर सकाळी आंबूस लागतं.

कडकभाकरी
धोंडे तळतात. वाफवलेले म्हणजे आजाऱ्याचं जेवण.

पुरणयंत्र
घराघराची रीत. पण ४२ डिग्रीला तळलेलं पुरण, वर तूप, आणि संध्याकाळी पाहुण्यांना डुलक्या. वाफवलेलेच बरे.

विहीणबाई_नं१
वाणाला ३३ अनारसे लागतात, त्याचं कुणी बोललंच नाही. अधिक महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, म्हणून हा ३३ चा आकडा. घरी करायचे तर आता उशीर झालाय. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, उन्हाळ्यात दोनदा. मग सावलीत दमट वाळवून दळायचे, वजनाला वजन गूळ, तो गोळा चार-पाच दिवस मुरवायचा. घाई केली की अनारसा तुपात हसतो, जाळी पसरून कढईभर चुरा. विकतचे घ्या, नाहीतर ३३ बत्तासेही चालतात. तबकात दिवा ठेवायला विसरू नका.

घाईतला_भाऊ
विकतचे. शनिवारी रात्रीचं?

पुरणयंत्र
ज्वारीची भाकरी, भरली वांगी, दही, कांदा, शेंगा चटणी. प्रवासाहून आलेल्या माणसाला गोडधोड नको. आजेसासूंना विचारून बघा, त्यांना रात्री मऊ भात लागत असेल.

मंगळवारपेठ_तिखट
चटणी घरी करणार असाल तर अर्धा किलो दाणे मंद आचेवर लोखंडी तव्यात भाजा, दाण्याचं पोट गुलाबी होईपर्यंत. सालं काढा. लसूण २५-३० पाकळ्या, तिखट चार चमचे, जिरे दोन चमचे, मीठ. खलबत्त्यात कांडा, तेल सुटून चटणीचा हातात मुटका वळला पाहिजे. मिक्सर असेल तर दाणे कोमट असताना, बटण दाब-सोड करत. सलग फिरवला की लगदा. पार गार दाणे फिरवले तर नुसतं कोरडं कूट मिळतं, ते साबुदाण्याच्या खिचडीत घाला.

कडकभाकरी
सालं काढायची नाहीत. रंग सालामुळेच येतो.

मंगळवारपेठ_तिखट
रंग तिखटामुळे येतो. सालानं चटणी तुरट होते.

सातरस्ता
चटणीचा वेगळा धागा काढा रे दोघांनी.
भाऊ, आहेराला चादर देणार असाल तर दुकानदार सोलापुरी म्हणेल ते ऐकू नका. एका कडेचा धागा काढून पेटवा. सूत असेल तर कागद जळाल्यासारखा वास आणि चिमटीत विरणारी राख. टोकाला कडक मणी जमला तर पॉलिस्टर मिसळलंय. उलट्या बाजूलाही नक्षी तितकीच स्वच्छ हवी, फक्त रंग पालटलेले. आणि त्यांना सांगा, पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात.

चावीवाला
टँकरचं काय झालं?

घाईतला_भाऊ
हौद मोजला. ४ बाय साडेतीन बाय ३. म्हणजे तुमच्या हिशोबापेक्षाही कमी. शेजारचे दोघं तयार झालेत, ५००० चा टँकर तिघांत वाटून घेतोय, शनिवारी सकाळी. पण टँकरवाला म्हणतो बोळात गाडी येत नाही, पाइप किती लागेल सांगा. साठ पावलं असतील.

चावीवाला
पावलं नको, दोरी लावून मोजा. कोपरे धरून, आणि हौदाच्या तोंडातून आत उतरायला चार-पाच फूट जास्त. दोनशे फुटांच्या आत असेल तर त्याच्याकडचा पाइप जोडून भागेल, जोडावर क्लिप लावायला सांगा, नाहीतर निम्मं पाणी बोळाला. तुमचा हौद आधी, शेजाऱ्यांचे नंतर. आणि प्यायला टँकरचं नको. २० लिटरचे जार सांगा, दिवसाला तीन. नऊ माणसं या उन्हात माणशी चार लिटर पितात, वर स्वयंपाकाचं.

वहिनी_होटगीरोड
खुर्ची मिळाली का?

घाईतला_भाऊ
मिळाली. दाराला अडतेय, दोन इंचानं. दार काढून पडदा लावू का?

वहिनी_होटगीरोड
नको! खुर्चीचे पाय आडवे करून तिरकी आत घ्या, आत गेल्यावर सरळ करा. तरी नाही गेली तर दार बिजागरीतून काढा, खुर्ची आत ठेवा, दार परत बसवा. सोमवारपर्यंत तिला तिथून हलवायचं नाही. पाणी ओतायला मग्गा लांब दांड्याचा ठेवा, खुर्चीवरून वाकता येत नाही.

प्लॅटफॉर्म_एक
परतीला सोलापूरहून वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास आहे, गुरुवार सोडून.

घाईतला_भाऊ
कारनंच जाणारेत ओ दादा.