काळ्या कव्हरला क्रोम नको, पॉलिश करा

नव्या गाडीचे काळे इंजिन कव्हर जुन्या बुलेटसारखे चकाकावेत म्हणून त्यांवर थेट क्रोमचा मुलामा (प्लेटिंग) चढवून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत, करू नका. ते कव्हर ॲल्युमिनियमचे असतात. जुन्या बुलेटच्या कव्हरची ती मऊ चमक क्रोमची नव्हतीच, घासलेल्या ॲल्युमिनियमची होती.

मी संभाजीनगरला माझ्या गाडीचे कव्हर उतरवून पेंट रिमूव्हर लावला. कव्हरवरचा काळा थर, म्हणजे पावडर कोटिंग, चिवट असतो, रिमूव्हर दोन-तीनदा लावावा लागतो. मग पाणकागद, आकडा मोठा तितका कागद बारीक: २४०, ४००, ८००, शेवटी १२००. त्यानंतर बफ, म्हणजे चमक आणणारं कापडी चाक. आधीच्या कागदाचा एकही ओरखडा दिसत असेल तर पुढं जायचं नाही, बफवर तो दुप्पट उठून दिसतो. २४० वरच माझी अख्खी दुपार गेली. गॅस्केट (ऑइल अडवणारी पातळ पट्टी) बसते ती कड मात्र अजिबात घासू नका, ऑइल गळेल.

क्रोम लोखंडी भागांना शोभतं: हँडल, मडगार्डला धरणारे दांडे (स्टे). झळाळी खरी देतं ते खालचं निकेल, वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ असतो. म्हणून घाईत पातळ निकेल चढवलं की पहिल्या पावसातच गंजाचे ठिपके. माझ्या हँडलचं तसंच झालं. ब्रेकचे, ॲक्सलचे बोल्ट तर प्लेटिंगला देऊच नका, त्यात वापरतात त्या ॲसिडमुळं कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं.

आणि आपल्याकडं बोअरचं पाणी जड. धुतल्यावर लगेच फडक्यानं कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग बसतात. महिन्याला थोडं मेण लावलं की चमक टिकते.