कॅप्चर कार्डवर एचडीएमआयचे चित्र काळे येते. कंपोनंटने रेकॉर्डिंग करावे का?

प्रश्न (पाचपाखाडी, ठाणे)

नमस्कार. आमच्या घरच्या जुन्या एव्ही रिसीव्हरला (सगळ्या उपकरणांचे चित्र-आवाज एकत्र घेऊन टीव्हीकडे पाठवणारा डबा) सेट-टॉप बॉक्स आणि एचडीव्ही, म्हणजे हाय डेफिनिशन, टेपचा कॅमकॉर्डर हे दोन्ही एचडीएमआयने जोडलेले आहेत. २००७ ते २०११ या काळात आईच्या गाण्याचे जे कार्यक्रम झाले, त्यांचे चित्रण माझ्याकडे एकोणीस टेपांवर आहे. त्यांत दोन कार्यक्रम गडकरी रंगायतनमधले आहेत. खाडीकाठच्या दमट हवेने दोन टेपांना बुरशी लागल्याचे दिसल्यापासून हे सर्व संगणकावर उतरवून घेण्याची मला घाई झाली आहे. त्यासाठी रिसीव्हर आणि टीव्ही यांच्या मध्ये यूएसबी कॅप्चर कार्ड, म्हणजे येणारे चित्र संगणकावर रेकॉर्ड करणारे उपकरण, जोडले. टीव्हीवर चित्र व्यवस्थित दिसते, मात्र संगणकावर आवाजही नाही आणि पडदा पूर्ण काळा. सेट-टॉप बॉक्स लावला काय किंवा कॅमेरा लावला काय, फरक पडत नाही. रिसीव्हरच्या मागे कंपोनंटचे (हिरव्या, निळ्या, लाल पिनांच्या ॲनालॉग जोडणीचे) 'मॉनिटर आउट' आहे. तिथून रेकॉर्डिंग होईल का?

उत्तर (ऐरोली)

काळ्या पडद्याचे कारण बहुधा एचडीसीपी, म्हणजे नक्कल रोखणारे संरक्षण, हे आहे. एचडीएमआयवर चित्र पाठवणारे उपकरण समोरच्या उपकरणाची ओळख पटवून घेते आणि मग चित्र सांकेतिक रूपात पाठवते. टीव्हीला ते उलगडण्याची परवानगी असते, रेकॉर्डिंग करणाऱ्या कार्डाला नसते. सेट-टॉप बॉक्सच्या बाबतीत हे अपेक्षितच आहे. तुमच्या स्वतःच्या टेपांवर असे बंधन असण्याचे कारण नाही, पण काही रिसीव्हर आत काहीही आले तरी बाहेर जाताना एचडीसीपी लावतात. म्हणून मधला रिसीव्हर काढून टाका आणि कॅमेऱ्याची एचडीएमआय केबल थेट कार्डाला लावून पाहा.

रिसीव्हरच्या कंपोनंट आउटकडून आशा ठेवू नये. कंपोनंटवरून आलेले चित्र एचडीएमआयवर चढवणारे रिसीव्हर पुष्कळ असतात, परंतु एचडीएमआयने आत आलेले चित्र कंपोनंटवर ते उतरवत नाहीत. कंपोनंट ही ॲनालॉग जोडणी असल्यामुळे तिच्यावर एचडीसीपी चालतच नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी ब्लू-रे प्लेअरमधून ती हळूहळू काढून घेतली गेली: २०११पासून बनलेल्या प्लेअरांना संरक्षित डिस्कचे चित्र कंपोनंटवर केवळ साध्या दर्जाचे देता येई आणि २०१३नंतर बनलेल्यांना तेही देता येईना.

उत्तर (नेरुळ)

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कंपोनंट आउटमधून मात्र रेकॉर्डिंग नक्की होते; मी घरच्या टेपा तशाच उतरवल्या. कार्ड घेताना एक काळजी घ्यावी. पिवळा, पांढरा आणि लाल अशी तीनच छिद्रे असलेले स्वस्त कार्ड कंपोझिटचे (सगळे चित्र एकाच पिवळ्या पिनेतून घेणारे) असते आणि त्यावर हाय डेफिनिशन येत नाही. कंपोनंटला चित्रासाठी हिरवी, निळी व लाल आणि आवाजासाठी पांढरी व लाल अशा पाच पिना लागतात. लाल पिना दोन असल्यामुळे त्यांची अदलाबदल होते, आणि मग रंग विचित्र दिसतात किंवा एका बाजूचा आवाज जातो. चित्र काळे-पांढरे आले तर फक्त हिरवी पिन पोहोचते आहे असे समजावे, कारण उजेड-अंधाराची सगळी माहिती तिच्यातून येते आणि उरलेल्या दोन पिना केवळ रंगाचा फरक वाहतात.

कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये कंपोनंटचे आउटपुट ५७६आयवर (साधा दर्जा) असेल तर ते १०८०आयवर (हाय डेफिनिशन) न्यावे. आपल्याकडचे चित्रण ५० हर्ट्झचे असते, म्हणून रेकॉर्डिंगही २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवावे. ३० किंवा ६० ठेवल्यास तानपुऱ्यावर फिरणारा हातसुद्धा अडखळत हलताना दिसतो. सेकंदाला १० मेगाबिट या दराने तासाला साधारण ४.५ जीबी जागा लागते. डिस्क एफएटी३२ पद्धतीची असेल तर ४ जीबीला फाइल अडते, त्यामुळे ती आधीच एक्सफॅट करून घ्यावी.

उत्तर (कळवा, ठाणे)

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, तरीही आईंच्या गाण्यासाठी मी या दोन्ही वाटा सुचवणार नाही. एचडीव्ही टेपवर चित्र मुळातच डिजिटल असते, १४४० बाय १०८० पिक्सेल आणि सेकंदाला २५ मेगाबिट. कंपोनंटने घेतल्यास त्याचे ॲनालॉग होते आणि पुन्हा डिजिटल, तर एचडीएमआयने घेतल्यास उलगडून पुन्हा दाबले जाते. कॅमेऱ्यावर आय-लिंक, म्हणजेच फायरवायर, हे छोटे छिद्र असेल तर टेपवरचा मजकूर जसाच्या तसा संगणकात उतरतो. तासाच्या टेपला ११ जीबीच्या आसपास. फायरवायरचे छिद्र असलेला जुना संगणक मिळवावा आणि कॅमेऱ्यातील आय-लिंक रूपांतर बंद ठेवावे, नाहीतर साध्या दर्जाचे डीव्ही बाहेर येईल.

बुरशीच्या टेपा कृपया कॅमेऱ्यात घालू नका. त्यांची बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढची चांगली टेपही खराब होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रिसीव्हर काढून कॅमेरा थेट कार्डाला जोडताच चित्र आले. तरीही कळव्याच्या सदस्यांचे म्हणणे पटल्याने भावाचा जुना संगणक माळ्यावरून काढला. त्याला फायरवायर निघाले. काल रात्री पहिली टेप पूर्ण उतरली आणि आईने ती सकाळी दोनदा पाहिली. बुरशी लागलेल्या दोन टेपा वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. अशा टेपा स्वच्छ करून देणारे ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी खात्रीचे असल्यास कृपया कळवावे.